फुटकी बाजू वर

बांबूच्या पन्हळीचा एक नियम आहे. बांबू कुठेतरी किडलेला असतो, कुठेतरी चिरलेला असतो. तेवढ्यासाठी तो टाकून द्यायचा नाही. फुटकी बाजू वर करायची आणि धड बाजू खाली. पाणी तळाने वाहतं, वरच्या चिरेला ते शिवतही नाही.

नवापूरच्या डोंगरात हे पोरासोरांनाही माहीत असतं. मला आणि चिंध्याला जरा जास्त माहीत होतं, कारण आमच्या वाडीत झऱ्याचं पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या पन्हळी आम्ही दोघं बसवायचो. बांबू आतून पोकळ करायचं काम माझं. उतार धरायचं काम चिंध्याचं. तो जमिनीवर आडवा पडून बांबूला कान लावायचा आणि म्हणायचा, "इथे पाणी दमतंय. दोन बोटं खाली घे." दोन बोटं खाली घेतलं की पाणी चालायला लागायचं.

माझं आईने ठेवलेलं नाव नवल. बाप्तिस्मा घेतला तेव्हा दावीद झालो. सगळी वाडी मला दावीद म्हणू लागली, माझी बायको सोमीसुद्धा. चिंधा मात्र नवलच म्हणत राहिला. "नाव काय लंगोटी आहे का, मळली म्हणून बदलायला?" असं पादरीसाहेबांच्या देखत म्हणाला होता. साहेबांना भाषा कळली नाही म्हणून बरं.

रेल्वे नवापुरात येऊन दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. गावाबाहेर एका शेठाने लाकूड कापायची गिरणी काढली होती. ती वाफेवर चालायची आणि तिला बारा महिने पाणी लागायचं. उन्हाळ्यात नदी आटायची, म्हणून शेठाने ठरवलं की आमच्या डोंगरावरच्या झऱ्याला टाकी बांधायची आणि तिथून लोखंडी नळाने पाणी खाली न्यायचं. नळ आमच्या वाडीजवळून जाणार होता. त्या कामाचा मुकादम होता पौलस, सोमीचा सख्खा भाऊ. तो पादरीसाहेबांच्या शाळेत शिकलेला होता. आमच्या साऱ्या वाडीत कागद वाचू शकणारा तो एकटा.

पौलस माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "दाजी, तुम्ही लोकांनी वाडीच्या हद्दीतला चर खणून द्या. वीस दिवसांचं काम आहे. मजुरी मिळणार नाही, पण वाडीला एक नळ मिळेल. चावी फिरवली की पाणी."

उन्हाळ्यात झऱ्याची धार बारीक व्हायची, पन्हळीने वाडीपर्यंत पोचायची नाही, म्हणून आमच्या बायका नाल्याच्या वाळूत झिरा खणून पाणी भरायच्या. वाटीने खरवडून हंडा भरायचा. एक हंडा भरायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात भाकरी भाजून व्हावी. मी घरोघर फिरलो आणि माझ्या शब्दावर माणसं उभी केली. सगळ्यांत आधी चिंधा आला. वाडीचा चर आम्ही अठरा दिवसांत खणला.

मग बैलगाड्यांतून नळ आले. ते नवे नव्हते. कुठूनतरी उखडून आणलेले जुने नळ होते, एका बाजूला गंजून खड्डे पडलेले. काही ठिकाणी लोखंड इतकं पातळ झालं होतं की दगड वाजवला तर आवाज बदलायचा. मी पौलसला दाखवलं.

पौलस म्हणाला, "दाजी, तुम्ही पन्हळ कशी बसवता?"

"फुटकी बाजू वर."

"मग? लोखंडाला वेगळा नियम असतो का?"

सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आमची डोंगरातली विद्या शेठाच्या लोखंडालाही चालते असं वाटलं. एकटा चिंधा नळात डोकं घालून बघत होता.

"पन्हळ कधी गच्च भरत नाही," तो म्हणाला. "हा गच्च भरणार. भरल्यावर वर कुठलं आणि खाली कुठलं?"

"हे साठलेलं पाणी नाही, चिंधा," पौलस म्हणाला. "साठलेलं पाणी दाबतं. हे चालतं पाणी. चालत्या पाण्याचा जोर पुढे असतो. ते पुढे ढकलतं, बाजूला बघतही नाही."

"तू शाळेत शिकलास," चिंधा म्हणाला आणि हात झटकून कामाला लागला. आम्ही एकेक नळ फिरवून खराब बाजू वर केली आणि वर माती ओढली.

पाणी सुरू झालं. गिरणीचा भोंगा वाडीपर्यंत ऐकू यायला लागला. पौलसने सांगितलं, आठवड्याने वाडीचा नळ बसवू, तोवर ओटा तयार ठेवा. ओट्यासाठी चिंधा पहार घेऊन नळाशेजारचे दगड काढत होता. मी खाली शेतात होतो. सकाळची वेळ होती. एकदम पळसाच्या वर पाण्याचा खांब उभा राहिलेला दिसला. मी धावत गेलो. चिंधा दहा हातांवर चिंब भिजून उभा होता, हातात पहार. नळ वरच्या बाजूने फुटला होता. पाणी बंद होईना म्हणून मी भोकावर तळहात दाबला. लोखंडाच्या काठाने तळहात करंगळीपासून अंगठ्यापर्यंत चिरला.

दुसऱ्या दिवशी गिरणीचे मॅनेजर साहेब आले. मोहाच्या झाडाखाली वाडी जमली. पौलस साहेबांशेजारी कागद घेऊन उभा होता. साहेबांनी विचारलं, नळ कसा फुटला?

पौलस म्हणाला, "साहेब, पाणी चालू होतं. चालत्या पाण्याचा जोर पुढे. पाणी खाली गिरणीकडे चाललं होतं. मग नळ वरून कसा फुटेल? पाणी आभाळाकडे चाललं होतं का? वरून फुटला, म्हणजे वरून कोणीतरी फोडला." मग तो माझ्याकडे वळला. "दाजी, तुम्ही इतक्या पन्हळी बसवल्या. वरच्या चिरेतून पाणी उडालेलं कधी पाहिलंत?"

"नाही," मी म्हणालो.

"तुम्ही आलात तेव्हा नळाजवळ कोण होतं?"

"चिंधा."

"हातात काय होतं?"

"पहार."

हे सगळं खरं होतं. इथे गप्प बसलो असतो तर मी आज हे लिहीत नसतो. पौलसने विचारलं, "मग दाजी, तुमच्या मनाला काय वाटतं?"

माझ्या मनाला तेच वाटत होतं. आयुष्यभर मी वाहतं पाणी बघितलं होतं. ते कधी वर गेलं नव्हतं. मी म्हणालो, "त्यानेच फोडला असणार. नळ बसेपर्यंत दम निघाला नसेल."

"नवल," चिंधा म्हणाला, "मी?"

बस, तेवढंच. मी जमिनीकडे बघितलं. पौलसने कागदावर लिहिलं आणि माझा अंगठा घेतला. डाव्या हाताचा घेतला, कारण उजवा फडक्यात बांधलेला होता. त्या कागदावर काय लिहिलं होतं ते पुढे मला वाचता आलं असतं, पण मी अक्षरं शिकलो तोवर ती गिरणीही राहिली नव्हती.

साहेबांनी वाडीचा नळ रद्द केला. वाडीच्या पंचांनी चिंध्याच्या घरच्या हातचं पाणी बंद केलं. आमच्यात ही शिक्षा मारण्यापेक्षा मोठी. चिंध्याची बायको धनीबाई झिऱ्यावर आली की दूर उभी राहायची, सगळ्यांचे हंडे भरले की मग वाकायची. तोवर झिरा गढूळ झालेला असायचा. महिन्याभरात एका पहाटे दोघं निघून गेली. जाताना त्याने आपली पहार माझ्या दाराला टेकवून ठेवली.

सोमीने ती आत आणली आणि म्हणाली, "माझा भाऊ खोटं बोलला का खरं, मला कळत नाही. पण तुम्ही बोलताना त्याच्याकडे बघत होता. चिंध्याकडे बघितलं नाहीत."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"बघण्यातलं कळतं," ती म्हणाली.

असं चार वर्षं गेलं. मग एकदा घासलेटचा डबा डागून घ्यायला मी नवापूरच्या बाजारात नासिरभाईकडे गेलो. नासिर पत्र्याचं काम करायचा. त्यांच्या मशिदीत हातपाय धुवायला एक लांब पत्र्याची नळी बसवायची होती, तिला ओळीने तोट्या. ती नळी दुकानासमोर आडवी ठेवून तो तपासत होता. एका टोकाला उंचावर पाण्याचा पिंप, दुसऱ्या टोकातून पाणी बादलीत पडत होतं. नळीच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं.

मी म्हणालो, "नासिरभाई, सांध्याची बाजू वर करा. गळणार नाही."

नासिरने माझ्याकडे बघितलं. "सांधा वरच शे, भाऊ."

मी वाकून बघितलं. सांधा खरंच वर होता. पाणी वरून झिरपून नळीच्या अंगावरून ओघळत होतं.

"पाणी तर पुढे चाललंय," मी म्हणालो.

"मंग?"

"मग वर कसं येतंय?"

नासिरला वाटलं मी थट्टा करतोय. पण माझं तोंड बघून तो थांबला. तसं कामात अडवलेलं त्याला आवडायचं नाही, पण त्या दिवशी त्याने हातातला हातोडा खाली ठेवला. एक टाकाऊ नळी घेतली, खिळ्याने चार बारीक भोकं पाडली: एक वर, एक खाली, एकेक दोन्ही बाजूंना. शिवाय एक बोटभर लांबीची तोटी डागली, तिचं तोंड मागे वळवलेलं, पिंपाकडे. मग नळी पिंपाला जोडली. पाणी पुढच्या टोकातून मोकळं पडत होतं तोवर भोकांतून नुसती ठिबक होती. नासिरने पुढच्या तोंडावर अंगठा अर्धा दाबला. पाणी अजून वाहतच होतं, पण आता भोकांतून धारा उडाल्या. वरच्या भोकातून वर, बाजूच्या भोकांतून बाजूला. आणि मागे वळवलेल्या तोटीतून पाणी मागे उडालं, जिकडून आलं तिकडेच.

"आते सांग," नासिर म्हणाला, "नळीमा पानी कोठे जाई ऱ्हायनं?"

"पुढे."

"मंग हाई मांगे कसं जास?"

मी वाकून मागच्या तोटीची धार बघत राहिलो.

"एकेक भोकवर बोट ठेव."

मी ठेवलं. वरच्या भोकावर, खालच्या, डाव्या, उजव्या. बोटाला सगळीकडे सारखंच ढकलणं लागत होतं. डोळे मिटले असते तर कुठलं भोक वरचं आणि कुठलं खालचं हे सांगता आलं नसतं.

"चालाले दिशा शे," नासिर म्हणाला. "दाबाले नही. पानी पुढे जास, पन जाता जाता सगळीकडे सारखंच दाबस. दाबाले तोंड नही, भाऊ. तोंड भोकले ऱ्हास. भोक जिकडे देखस, तिकडे पानी उडस."

"पण पुढच्या तोंडासमोर हात धरला तर धार हाताला लागते. ती पुढेच जाते."

"तो चालाना धक्का. ती येगळी चीज. तू दोन चीजा एक करी ऱ्हायना."

मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. चर, जुने नळ, पळसावर उभा राहिलेला पाण्याचा खांब, पहार. नासिरने एकच विचारलं. नळाच्या भोकाचे काठ आत वळलेले होते की बाहेर?

मी उजवा तळहात उघडून त्याच्यापुढे धरला. पांढरा व्रण करंगळीपासून अंगठ्यापर्यंत होता. काठ आत वळलेले असते तर दाबलेला तळहात असा चिरला नसता.

"पौलस म्हणाला होता, पहारीने उचकटलं म्हणून काठ बाहेर आले," मी म्हणालो.

उचकटताना पहार एका काठावर टेकते, नासिर म्हणाला. तो काठ आत चेपतो. "एक तरी काठ आत चेपेल व्हता का?"

एकही नव्हता. चारी बाजूंनी फुललेलं भोक होतं, लाही फुटावी तसं. ते मला त्या दिवशीही दिसलं होतं. पुरावा फडक्यात बांधून मी मोहाखाली उभा होतो, आणि त्याच हाताच्या माणसाने चिंध्याचं नाव घेतलं होतं.

नासिरने ती पाच तोंडांची नळी मला दिली. ती घेऊन मी तडक गिरणीत गेलो. पौलस ओसरीवर बसला होता. मी नळी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती बोटाने फिरवून बघितली आणि मला सांगावंच लागलं नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"नळ जुने आहेत हे साहेबांनाही माहीत होतं. नवे मागवले असते तर काम बंद पडलं असतं. वरची बाजू फुटली तर निदान वरची माती काढून ठिगळ मारता येतं. खालची फुटली तर सगळा चर खणावा लागतो."

"म्हणून फुटकी बाजू वर?"

"तुम्हीच सांगितलंत की, दाजी, फुटकी बाजू वर."

"आणि आमचा नळ? चिंध्यामुळे गेला म्हणालास."

पौलसने नळी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "नकाशात वाडीचा नळ नव्हताच. रद्द करायला काहीतरी कारण हवं होतं."

अठरा दिवस खणलेला चर माझ्या डोळ्यांपुढे आला. माझ्या शब्दावर आलेली माणसं आली. मी त्याला म्हणालो की तू एका निरपराध माणसाला गुन्हेगार ठरवलंस. त्यावर पौलसने मान वर केली.

"मी चिंध्याचं नाव एकदा तरी घेतलं का? आठवून बघा. मी फक्त विचारलं. नाव तुम्ही घेतलंत."

घरी आल्यावर सोमीने विचारलं, भाऊ काय म्हणाला. मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि त्यानंतर सणाचं किंवा लग्नाचं कसलंही निमित्त असो, भावाच्या घरी पाऊल ठेवलं नाही. मला मात्र ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

रविवारी मी पंचांना मोहाखाली बोलावलं. फांदीला घागर टांगली, नळी जोडली आणि सगळ्यांना बोटं लावून बघायला सांगितलं. आमशा हा आमचा सर्वांत वयस्क पंच. त्याने मागे वळलेल्या तोटीची धार स्वतःच्या छातीवर घेतली, दाढी पुसली आणि म्हणाला, "आपण गाढवं. जा, आण त्याला."

चिंधा कुठे आहे ते एका घोंगडीवाल्याकडून कळलं. प्रकाशा गावाला, तापीवर, नावेवर वल्हं मारतो. मी रेल्वेने नंदुरबारपर्यंत आणि पुढे पायी गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी घाटावर पोचलो. नाव पलीकडून येत होती आणि वल्ह्यावर चिंधा होता. केस पांढरे झाले होते. माणसं उतरली, मी चढलो. त्याने मला ओळखलं. इतर कोणी चढायच्या आत त्याने नाव लोटली.

मध्यावर मी नळी काढली. डब्याने पाणी भरून दाखवायला लागलो. वरचं भोक, खालचं भोक, मागची तोटी. सगळं सांगितलं, नासिरभाईने सांगितलं तसं. पौलसचं सांगितलं. पंचांचं सांगितलं. चिंधा वल्हं मारत ऐकत होता.

"हे मला नळीने कशाला सांगायला हवं?" तो म्हणाला. "पहिल्या वर्षी पुरात नावेतून पडलो. धारेबरोबर खाली खाली गेलो. धार मला सुरतेकडे नेत होती, पण दोन्ही कान सारखेच दुखत होते. तोंड पुढे केलं तरी तेवढेच, मागे केलं तरी तेवढेच. खडकाला धरलं तेव्हा मात्र छातीवर धक्का बसला. सोडलं की धक्का गेला, कान तसेच. तेव्हाच कळलं नळ कसा फुटला ते."

"मग आला का नाहीस सांगायला?"

"काय सांगायला? मी नळ फोडला नाही हे मला आधीपासून ठाऊक होतं." त्याने वल्हं आडवं धरलं. नाव आपसूक वाहू लागली. "तुला पाण्याने सांगितलं म्हणून तू आलास. पाण्याने सांगितलं नसतं तर?"

  त्या दिवशी मोहाखाली मला चालत्या पाण्याची सगळी माहिती नव्हती, ही चूक झाली असं मी कधी कधी स्वतःला समजावतो. पण चिंध्याची माहिती होती. लहानपणापासूनची होती.

"पंचांनी बोलावलंय," मी म्हणालो. "आमशाने स्वतः सांगितलंय. चल. धनीबाईला घेऊन चल."

"धनी इथे नदीवर पाणी भरते," तो म्हणाला. "हवं तेव्हा जाते. कोणाचे हंडे भरायची वाट बघावी लागत नाही."

त्याने नाव वळवली. ज्या काठावरून मी चढलो होतो त्याच काठाला परत आणली. मी नळी त्याच्यापुढे धरली. त्याने मान हलवली, तुझ्याजवळच राहू दे म्हणून. माझा पाय नावेच्या कडेवर होता तेव्हा त्याने मागून हाक मारली.

"सांभाळून उतर, दावीद. दगड शेवाळलेला आहे."

सगळं जग मला त्या नावाने हाक मारत होतं, आणि त्याने आयुष्यात कधी मारली नव्हती.

मी सांभाळून उतरलो.